तांड्याचं तिकीट फाट्यापासून

खेमसिंग राठोडांच्या टेबलामागच्या भिंतीवर अख्खा यवतमाळ जिल्हा टांगलेला होता. नकाशा नव्हे, नकाशा काय कुणीही टांगतं. हा हातानं आखलेला तक्ता होता, चार ड्रॉइंगशीट चिकटवून केलेला, आणि कोणती बस कुठून किती वाजता सुटते, कुठे वळते, कुठे मुक्कामाला थांबते ते सगळं त्यात लाल-निळ्या पेनानं लिहिलेलं होतं. ऑफिसात कॉम्प्युटर आले, ते बिघडायलाही लागले, आणि मग वाहतूक शाखेतले साहेबलोकही मान वर करून त्या तक्त्याकडेच बघू लागले. बाभुळगावची पहाटेची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली तर कोणत्या गावची शाळा मास्तरांविना भरते, हे खेमसिंगांना तोंडपाठ होतं. कंडक्टर म्हणून लागलेला माणूस खात्याच्या परीक्षा देत देत विभागाच्या ऑफिसात खुर्चीवर आला होता, आणि आता रिटायर व्हायला सहा महिने उरले होते. ते सहा महिने सरळ गेले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्या हिवाळ्यात जुन्या गाड्या भंगारात निघाल्या आणि नव्या यायच्या त्या यायच्याच राहिल्या. गाड्या कमी झाल्या, गावं तेवढीच राहिली. वरून हुकूम आला, आतली वळणं कमी करा. मोठ्या रस्त्यानं जाणारी गाडी फाट्यावरून आत शिरते, दोन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या गावाला तोंड दाखवते आणि परत रस्त्याला लागते, ते वळण. जिल्ह्यात अशी वळणं ढिगानं. त्यातली चाळीस बंद करायची होती, आणि यादी करायचं काम अर्थातच तक्तेवाल्या माणसाच्या गळ्यात पडलं.

खेमसिंगांनी ते छाती पुढे काढून घेतलं. अमक्या पुढाऱ्याचं गाव, तमक्याची सासुरवाडी, असलं काही बघायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. नियमही त्यांनीच सुचवला. वर्षभरात ज्या गावच्या टप्प्यावर सगळ्यात कमी तिकिटं निघाली, ते वळण सगळ्यात आधी बंद. नव्यानं आलेल्या वाहतूक अधिकारी प्रेरणा मॅडमना हा नियम इतका आवडला की भर मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "राठोडांकडून शिका जरा." दोन दिवस खेमसिंग त्या वाक्यावरच जगले. तिसऱ्या दिवशी तिकीट मशीनचे आकडे आले आणि यादीतलं अगदी पहिलं नाव त्यांनी वाचलं. सोमला नाईक तांडा, तालुका महागाव. चढले शून्य, उतरले शून्य.

तो त्यांचा स्वतःचा तांडा होता.

तिथून रोज सकाळी चाळीस माणसं गाडीत चढतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यात चौदा मुली महागावच्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या. त्यांचीच पुतणी राखी, थोरल्या भावाचं शेंडेफळ, बारावी सायन्सला होती आणि नर्सिंगला जायचं म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. आणि वर्षभरात एकही तिकीट तांड्यापासून का निघालं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. जगात ते सगळ्यात नीट त्यांनाच ठाऊक होतं, कारण ती रीत त्यांनीच पाडली होती.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तांड्यापासून वरुडी फाट्यापर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ता तांड्यानं स्वतः केला होता. दोन उन्हाळे बाया-माणसांनी दगड फोडले, मुरूम टाकला, नाल्यावर फरशी बसवली. मग अर्ज, मोर्चे, रास्ता रोको होऊन गाडी मंजूर झाली, आणि पहिल्या गाडीवर कंडक्टर कोण, तर तांड्याचाच खेमसिंग. बायांनी गाडीपुढे फेर धरला, ड्रायव्हरच्या कपाळाला एवढं कुंकू लावलं की त्याला समोरचं दिसेना. खेमसिंगांनी तिकीट फाडायला घेतलं, आणि तांड्यापासूनचं तिकीट फाट्यापेक्षा एका टप्प्यानं जास्त निघालं. त्यांची आई पहिल्याच सीटवर बसली होती. तिनं हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि विचारलं, "फाट्यापर्यंतचा रस्ता तं आमीच केला. आमच्याच रस्त्याचं तिकीट कायचं रे?"

त्या रस्त्यावर तिच्या हाताची सालटं गेलेली खेमसिंगांनी पाहिली होती. त्यांनी सगळ्यांना फाट्यापासूनची तिकिटं दिली. एक दिवस दिली, मग रोज दिली. त्यांची बदली झाल्यावर नव्या कंडक्टरला त्यांनीच सांगितलं, तांड्याचं तिकीट फाट्यापासून, तिथं तसंच चालते. त्यानं पुढच्याला सांगितलं. कागदी तिकिटं जाऊन मशीन आलं तरी रीत गेली नाही. मुलींचे पाससुद्धा फाटा ते महागाव असेच निघत गेले. तपासणीवाले कधी आलेच तर फाट्यावरच जीप लावून चहा पीत. अशा रीतीनं बावीस वर्षं एक अख्खा तांडा रोज गाडीत चढत होता आणि कागदावर तिथे चिटपाखरूही नव्हतं.

कमी टप्प्याचं तिकीट म्हणजे खात्यात साधीसुधी चूक नसते. कंडक्टर घरी बसतो. खरं सांगावं तर चौकशी लागणार, पेन्शन अडकणार, आणि एकट्या खेमसिंगांचंच नाही तर त्या गाडीवर ड्युटी केलेला प्रत्येक माणूस त्यात ओढला जाणार. न सांगावं तर तांड्याची गाडी त्यांच्याच सहीनं बंद होणार. रात्री जेवताना त्यांनी हंसाबाईला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. तिनं भाकरी वाढता वाढता ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "सहा महिने तोंडाले कुलूप लावा. इतक्या वर्साचं पुन्य आहे आपलं, मातीत नका घालू." खेमसिंग अर्ध्या ताटावरून उठले. चूक प्रेमापोटी केली म्हणून ती लहान होत नाही, हे सत्तावन्नाव्या वर्षी कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले. म्हणाले, "पहिलं नाव माझ्याच गावाचं आहे मॅडम. ही यादी दुसऱ्या कुणी केली तर बरं."

"उलट तुमचीच सही हवी," मॅडम म्हणाल्या. बाई सरळ होत्या, हीच अडचण होती. खोटं बोलणाऱ्या साहेबाला कसं गुंडाळायचं ते खेमसिंगांना चांगलं येत होतं, सरळ माणसापुढे त्यांचे हात बांधले जात. "ज्यानं यादी केली त्यानं स्वतःच्या गावापासून सुरुवात केली म्हटल्यावर बाकीची एकोणचाळीस गावं तोंड उघडणार नाहीत. आणि तुम्ही ते नाव वगळलंत, तर उद्या प्रत्येक गाव माझ्या दारात."

"पण मॅडम, माणसं चढतात तिथं. मी पाहिलंय."

"मग मशीन खोटं बोलतंय का?"

मशीन खोटं बोलत नव्हतं, मशीनला शिकवलं होतं. खेमसिंग म्हणाले, "एकदा डोळ्यांनी बघा, एवढंच म्हणतो. सकाळची पहिली गाडी. न सांगता जाऊ."

मॅडमनी डायरी उघडली आणि गुरुवार दिला.

खेमसिंगांना वाटलं, सुटलो. काही कबूल करायला नको, कुणाचं नाव घ्यायला नको. मॅडम तांड्यावर उतरतील, समोर चाळीस माणसं दिसतील, डोळ्यांपुढे शून्य कसं टिकणार? कारण विचारलं तर मशीनमध्ये टप्पा चुकीचा भरला गेला म्हणता येईल. छोटंसं खोटं, कुणाला न लागणारं. आपल्याला किती छान सुचलं याचा त्यांना थोडा आनंदही झाला, आणि इथेच माणूस फसतो.

बुधवारी संध्याकाळी दोघे महागावला पोचले. मॅडम विश्रामगृहात उतरल्या, खेमसिंग स्टँडवरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत. तिथून त्यांनी अश्वजितला फोन लावला. अश्वजित हा त्या गाडीवरचा आत्ताचा कंडक्टर, पस्तिशीचा, कामाला चोख. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याला खेमसिंगांनीच हाताखाली घेऊन शिकवलं होतं.

"उद्या पयल्या गाडीत मोठ्या मॅडम हायेत," खेमसिंग हळू आवाजात म्हणाले. "तांड्याचं तिकीट तांड्यापासूनच फाडजो."

पलीकडे गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. अश्वजित संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन तांड्यावरच उभा होता. "साहेब, चेकिंग हाय काय?" त्याचा आवाज उतरला. "माही पोरगी पाच महिन्याची हाय साहेब. काही झालं तं..."

"काही होत नाई. मी हावो न."

"आनि इचारलं तं, आजवर काहून नाई फाडलं?"

"ते मी पाह्यतो. तू फक्त म्या सांगतलं तेवढं कर."

फोन ठेवल्यावर वहिनीला सांगावं का, असं एकदा त्यांच्या मनात आलं. बसंतीबाई, थोरल्या भावाची विधवा बायको, तांड्यात जिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पण तांड्याला न सांगता जायचं मॅडमकडे कबूल केलं होतं, आणि सांगायचं तरी काय? रोज उभे राहता तसेच उभे राहा, एवढंच ना? ते तर लोक न सांगताही राहतात. खेमसिंग पांघरूण घेऊन झोपले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना झोप लागली.

सकाळी सव्वासहाला गाडी निघाली तेव्हा बाहेर धुकं होतं. गाडीत ड्रायव्हर, अश्वजित, हे दोघं आणि दुधाची कॅन घेतलेला एक माणूस. अश्वजितनं तिकीट देता देता खेमसिंगांकडे पाहिलं आणि डोळे अलगद मिटून उघडले, सगळं बरोबर आहे अशा अर्थानं. खेमसिंगांनीही मान हलवली. शिकवलेला माणूस कामाला येतो, असं त्यांच्या मनात आलं.

वरुडी फाट्यावर गाडी आत वळली. चहाच्या टपरीजवळ शेकोटी पेटलेली होती आणि तिच्याभोवती धुक्यात बरीच माणसं बसलेली होती. वरुडीचे असतील, खेमसिंगांनी म्हटलं, आणि मॅडमना रस्ता दाखवू लागले. हा नाला, ही तांड्यानं बसवलेली फरशी, हा मुरूम. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस ओला होऊन लोंबत होता. मॅडम खिडकीची काच पुसून पुसून बघत होत्या.

तांड्याच्या चौकात सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्यापाशी गाडी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

चौकात कुणी नव्हतं.

एक कुत्रं उठलं, अंग झटकलं आणि पुन्हा बसलं. एका घराच्या ओट्यावर म्हातारा माणूस चूळ भरत होता. त्यानं गाडीकडे पाहिलं, खेमसिंगांकडे पाहिलं, आणि ओळख न दाखवता आत निघून गेला. तो त्यांचा सख्खा चुलता होता. ड्रायव्हरनं आणखी दोनदा हॉर्न दिला. मॅडम खाली उतरल्या, चौकात पाच मिनिटं उभ्या राहिल्या, घड्याळ पाहिलं. खेमसिंग दारातल्या दांड्याला धरून उभे होते. त्यांना आधी काहीच कळेना, आणि मग फाट्यावरची शेकोटी आठवली आणि सगळं कळलं.

तांड्यात 'चेकिंग' या शब्दाला एकच अर्थ होता. कंडक्टरला पकडायला येतात ते. अश्वजितनं काल फोन ठेवला आणि गाडीतल्या लोकांना सांगितलं, उद्या चेकिंग आहे, राठोडसाहेब म्हणतात तिकीट तांड्यापासून घ्या. बसंतीबाई त्या गाडीत होती. तिनं घरी जाऊन इतरांना गोळा केलं, आणि बाई हुशार, तिनं हिशेब बरोबर लावला. एका दिवसात तांड्यापासून चाळीस तिकिटं निघाली तर मॅडम विचारणारच, काल हे लोक कुठे होते? मग जुनं सगळं बाहेर येणार आणि खेमसिंग अडकणार. त्यापेक्षा तांड्यावर कुणी उभंच राहायचं नाही. पहाटे अंधारात म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट चाळीस माणसं पायी निघाली आणि फाट्यावर जाऊन बसली.

परत येताना खेमसिंगांनी मॅडमना काही दाखवलं नाही. फाट्यावर गाडी थांबली आणि शेकोटीजवळची माणसं उठून रांगेनं आत आली. सगळी ओळखीची तोंडं. कुणी त्यांना रामराम घातला नाही. जणू हा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलाच नव्हता, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत मात्र पोरानं परीक्षेत नंबर काढल्यासारखं हसू होतं. मुली आल्या. दंवानं त्यांच्या सलवारी गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या आणि कडांना कुसळं चिकटली होती. राखीनं दप्तर छातीशी धरलं होतं. काकाजवळून जाताना तिनं हळूच जीभ चावली, हसू येऊ नये म्हणून. सगळ्यात शेवटी बसंतीबाई चढली, मॅडमच्या पुढच्याच सीटवर बसली आणि गाडीच्या मागच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "द्या भाऊ एक. फाट्यापासून महागाव."

अश्वजितनं मशीनची बटणं दाबली.

"बघितलंत?" मॅडम खेमसिंगांना म्हणाल्या. "तांड्यातून कुणी चढत नाही, सगळे इथून चढतात. आणि या थंडीतसुद्धा चालत येतात, म्हणजे त्यांना सवयच आहे. आकडा बरोबर होता, राठोड." त्यांनी पर्समधून यादी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर पेन ठेवलं. "इथंच सही करून टाका. म्हणजे तुमच्याही मनावरचं ओझं उतरेल."

खेमसिंगांनी पेन घेतलं नाही. राखीच्या सलवारीवरची कुसळं त्यांना दिसत होती. आज गंमत म्हणून चालून आलेली ही मुलगी उद्यापासून रोज चालणार होती, जाताना अंधारात आणि येताना अंधारात, आणि किती दिवस? तांड्यात मुलीची शाळा सुटायला फार मोठं कारण लागत नाही. ते उठून उभे राहिले.

"मॅडम, हे लोक तांड्यातूनच चढतात. रोज. फाट्याचं तिकीट देण्याची रीत मी पाडली. बावीस वर्षांपूर्वी, मी कंडक्टर असताना. आज माझ्यासाठी हे सगळे चालत आले. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण वळण बंद करू नका."

मग बसंतीबाई उभी राहिली. दिराकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, सरळ मॅडमकडे वळली. "खोटं बोलून राह्यला तो, बाईसाहेब! गावाची गाडी वाचवाले आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला. आमी फाट्यावरूनच चढतो. इचारा कोनालेबी."

"फाट्यावरूनच!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या जलमापासून फाट्यावरून!"

"भोजाई, गप राह्य," खेमसिंग वहिनीवर ओरडले. "तुले समजत नाई तू काय करून राह्यली!" त्यांचा आवाज फाटला. बसंतीबाईनं मग एकदा त्यांच्याकडे पाहिलं, लहानपणी ते ताप अंगावर काढून शाळेत निघाले की बघायची तसं, आणि पुन्हा मॅडमना म्हणाली, "पाहा न, कसा घाबरला."

मॅडमनी अश्वजितकडे मान वळवली. "कंडक्टर, तुम्ही सांगा. खरं काय?"

अश्वजितनं खेमसिंगांकडे पाहिलं आणि खेमसिंगांना त्याची पाच महिन्यांची पोरगी आठवली. एका 'हो'नं तो घरी बसला असता. त्याला 'खरं सांग' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"मशीन सांगते तेच, मॅडम," अश्वजित खाली मान घालून म्हणाला.

मॅडमनी खेमसिंगांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि आवाज खाली आणला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "राठोड, गावासाठी माणूस काय काय अंगावर घेतो ते आज पाहिलं. पण सहा महिन्यांवर पेन्शन आली असताना असं काही लिहून वगैरे देऊ नका. चाळीस माणसं एक सांगतात आणि तुम्ही एक. मी हे ऐकलंच नाही, समजा." त्यांनी पेन खेमसिंगांच्या बोटांत ठेवलं आणि वर त्यांच्या हातावर हलकेच थोपटलं.

आयुष्यात पहिल्यांदा ते खात्याशी खरं बोलले होते आणि ते कुणाला नको होतं. महागाव येईपर्यंत पेन त्यांच्या बोटांत होतं. गाडी स्टँडवर वळता वळता त्यांनी सही केली. कबुलीचा वेगळा कागद लिहायचा तर त्यावर अश्वजितचं नाव आल्याशिवाय तो खरा ठरत नव्हता, हे त्यांनी त्या चाळीस मिनिटांत सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं होतं.

हुकूम सोमवारपासून लागू झाला. खेमसिंगांनी रजा टाकली आणि संध्याकाळी महागावच्या स्टँडवर त्याच गाडीत जाऊन बसले. मुली बसल्या होत्या. अश्वजित तिकिटं देत देत त्यांच्यापाशी आला आणि नजर चुकवून उभा राहिला.

"एक द्या," खेमसिंग म्हणाले. "सोमला नाईक तांडा."

आपल्या तांड्याचं नाव तिकिटासाठी त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच घेतलं होतं. अश्वजितनं मशीनवर बोट नुसतंच फिरवलं. "साहेब, तो टप्पाच काढून टाकला मशीनमधून. फाट्यापर्यंतचंच निघते आता."

त्यांनी फाट्याचं तिकीट घेतलं आणि शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलं.

फाट्यावर उतरले तेव्हा दिवस बुडाला होता. गाडी सरळ निघून गेली. खेमसिंग मुलींबरोबर मुरमाच्या रस्त्यानं चालू लागले. त्यांनी मोजल्या, बारा होत्या.

"दोघी कुठं हायेत?" त्यांनी राखीला विचारलं.

"अंजू आनि तिची बहीन. त्यायच्या बापानं घरीच ठेवलं. म्हने अंधारात कोन पाठवते." राखी दगड चुकवत पुढे चालत होती. नाल्यापाशी कसलं तरी जनावर झुडपातून सरकलं तशा सगळ्या मुली एकदम एकमेकींना चिकटल्या, मग उगाच हसल्या आणि मोबाईलच्या उजेडात फरशी ओलांडली. "परीक्षेवरी मी चालीन काका," राखी पलीकडे गेल्यावर म्हणाली. "पुढचं याडीनं ठरवलं तसं."

याडी, म्हणजे तिची आई, बसंतीबाई, दारातच उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिराच्या हातात दिला, खाट टाकली. शेजारचे दोघं-तिघं येऊन ओट्यावर टेकले. गाडीबद्दल कुणी तक्रार काढली नाही. उलट त्या सकाळची गोष्ट ते एकमेकांना पुन्हा सांगू लागले, कोण कितीला उठलं, कोणत्या म्हातारीला कुणी हाताला धरून नेलं, चुलत्यानं कशी ओळख दाखवली नाही. हसता हसता बसंतीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. राखी एका बाजूला बसून सलवारीची कुसळं एकेक उपटून चुलीत टाकत होती.

खेमसिंगांना सांगायचं होतं. यासाठीच तर ते आले होते. त्या सकाळी तुम्ही चौकात नुसते उभे राहिला असता तर, एवढंच वाक्य होतं, आणि ते त्यांच्या ओठांवर येऊन थांबलं होतं. त्यांनी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं.

"गाडी गेली तं गेली भिया," ती त्यांच्याजवळ येऊन बसत म्हणाली. "सरकारची होती, सरकारनं नेली. गाडीच्या आंधी इतके वर्स चाललो, आनिक चालू. पन तुले तं वाचवलं न आमी?"

"हो भोजाई," खेमसिंग म्हणाले. "वाचवलं."